अम्मीची ओम्नी



जुनी गाडी घ्यायची, तिच्यात झोपायची सोय करायची आणि लांबच्या प्रवासाला निघायचं, याची आपल्याकडे अलीकडे बरीच हवा आहे. त्या गाड्यांचे फोटो मीही पाहतो. आत ओटा, भांडी धुवायला जागा, फ्रीज, छतावर सौर ऊर्जेची पाटी. पाहून बरं वाटतं आणि मग खिशात हात गेला की फोटो मिटून ठेवावे लागतात. आज मी ज्या गाडीबद्दल बोलणार आहे, तिच्यात यातलं काहीही नाही. ती २००८ सालची मारुती ओम्नी आहे. तिच्या सजावटीवर मी चाळीस हजारांच्या आत खर्च केला आणि त्यातला निम्म्याहून जास्त खर्च डोळ्यांना दिसतच नाही.

ओम्नी तुम्हा सर्वांना माहीत आहे. १९८४ साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली, पुढे १९८८मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षं या डब्याने शाळेची मुलं नेली, लग्नाचे हार नेले, रुग्ण नेले, पावाच्या लाद्या नेल्या. हिंदी सिनेमात पळवापळवी करायची तर हीच गाडी. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या दोन सीटच्या खाली बसवलेलं. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. लांबी अकरा फूट. नव्या गाड्यांसारखी सुरक्षितता हिच्यात नाही. चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि पत्र्यापुढे रस्ता, एवढंच अंतर. म्हणून हिच्याबरोबर लांब जायचं तर सावकाश जायचं आणि दिवसाउजेडी जायचं. आमचा वेग ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर जात नाही.

ही गाडी मी घेतली ती अम्मीसाठी. ती आता ऐंशीच्या घरात आहे. जन्म उदगीरचा. आज उदगीर लातूर जिल्ह्यात आहे, पण अम्मीच्या लहानपणी ते हैदराबाद संस्थानच्या मुलखात, बिदर जिल्ह्यात होतं. जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे बिदरला जायचं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं, हैदराबाद आंध्रात राहिलं. घरं तिथंच राहिली, मधून रेषा गेल्या. अम्मीचा एक भाऊ बिदरला, एक बहीण गुलबर्ग्याला, एक चुलत बहीण हैदराबादला. मराठवाड्यातल्या अनेक घरांचं हे असंच आहे. तरुणपणी अम्मी एसटीने जायची, भाकरी बांधून. मग गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. रेल्वेत चढवलं तरी रात्री दर दीड-दोन तासांनी उठावं लागतं. लॉज घ्यावा तर खोली वरच्या मजल्यावर. शिवाय लॉजच्या काउंटरवर आमची नावं ऐकली की काही ठिकाणी खोल्या आपोआप भरून जातात, हा अनुभवही घराला नवा नाही. तो आजचा विषय नाही, म्हणून पुढे जातो.

अकरा वर्षं दोघी बहिणी फक्त फोनवर भेटत होत्या.

जुनी व्हॅन घेताना सगळ्यात आधी कागद पाहायचे. इंजिनचा आवाज नंतर. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. आमची गाडी २०२३मध्ये पंधरा वर्षांची झाली. नोंदणी वाढवून घेऊन देत असाल तरच घेतो, असं मी विकणाऱ्याला सांगितलं आणि त्यासाठी चार हजार जास्त मोजले. दुसरं म्हणजे पुस्तकात इंधन काय लिहिलंय ते पाहायचं. जुन्या ओम्न्यांपैकी कित्येक गाड्या घरगुती गॅसच्या टाकीवर चालवल्या गेल्या. हा प्रकार बेकायदा तर आहेच, पण त्यासाठी पाडलेली भोकं आणि कापलेल्या नळ्या गाडीत तशाच राहिलेल्या असतात. मला दाखवलेल्या पहिल्या दोन गाड्या याच कारणाने मी सोडल्या.

आता बदल करायचे म्हणजे किती करायचे? मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम यासंबंधी आहे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल, असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. सीट कायमच्या काढल्या, छत कापून उंच केलं, तर गाडी पुस्तकातली राहत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीलाही नाही म्हणायला निमित्त मिळतं. आमच्या भागातले एक हौशी गृहस्थ मला म्हणाले, "अहो, कोण बघतंय?" बघत कुणी नसेलही. पण परराज्यातल्या नाक्यावर ऐंशी वर्षांच्या बाईला उन्हात बसवून कागदांवरून हुज्जत घालायची माझी तयारी नव्हती. म्हणून पहिला नियम केला: गाडीच्या अंगाला एकही नवं भोक पाडायचं नाही, एकही वेल्डिंग करायचं नाही आणि आत जे काही ठेवू ते दहा मिनिटांत बाहेर काढता आलं पाहिजे. पत्र्याला भोक पाडलं की तिथून गंज सुरू होतो, हेही कारण होतंच.

गाडी आमच्या उस्तादांकडे नेली. उस्ताद म्हणजे गॅरेजवाले. त्यांच्या गॅरेजात हिंदू-मुसलमान सगळेच त्यांना उस्ताद म्हणतात. मी बजेट सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "शायरसाब, आधी ती थांबेल असं करू, मग झोपेल असं करू." निम्मे पैसे त्यांनी तिथंच ठेवून घेतले. चारही टायर बदलले. जुन्या टायरांची नक्षी चांगली दिसत होती, म्हणून मी जरा कुरकुरलो. तेव्हा त्यांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१४ असेल, तर तो टायर २०१४च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर नुसतं उभं राहूनही कडक होतं आणि चिरतं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे चार आकडे वाचायला शिकावं. मग ब्रेकचे लायनर, पाण्याचे रबरी पाइप, फॅन बेल्ट, मागच्या कमानपाट्यांचे बुश. सगळे मिळून एकवीस हजार गेले. घरी गाडी आली तेव्हा पत्नीने भोवती फेरी मारून विचारलं, "काय केलं हिला?" दाखवायला काही नव्हतं.

पलंगाचं काम सुतारमामांचं. मोजपट्टी लावली तर पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दरवाजापर्यंत सहा फुटांना चार बोटं कमी भरली. मागच्या बाकाची पाठ पुढे पाडता येते. ती पाडली की मधे एक सपाट भाग तयार होतो. त्याच्या मागे उघडमिट होणाऱ्या पायांचा एक पाट, पुढे एक पेटी आणि पेटीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर टाकायला एक फळी. झाला पलंग. पेटी अर्ध्याच रुंदीची ठेवली, कारण गाडी चालू असताना अम्मी बाकावर पट्टा लावून बसते आणि तिचे पाय मोकळे राहिले पाहिजेत. आडवं व्हायचं ते गाडी उभी केल्यावरच. मागचे पट्टे गेल्या मालकाने सीट कव्हरखाली गाडून टाकले होते. कुशनवाल्याने ते उकरून बाहेर काढले. कामाचे लाकडी तुकडे गाडी चालताना नायलॉनच्या पट्ट्यांनी बाकाच्या लोखंडाला आवळून ठेवावे लागतात. जोरात ब्रेक दाबला तर सुटी फळी मागून डोक्यात येते.

सुतारमामांना पलंग मजबूत करायची फार हौस. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड घेऊ म्हणाले, खाली सागवानी चौकट. मी वजनाचा हिशेब मांडला. बारा मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या एका पत्र्याचंच वजन वीस-बावीस किलोंच्या पुढे जातं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. तीन माणसं, कपडे, बॅटरी. इंजिनाची ताकद पस्तीसेक अश्वशक्तीची. तुळजापूरचा घाट चढताना प्रत्येक किलो बोलतो. शेवटी बारा मिलिमीटरवर तडजोड झाली, चौकट नाही, आणि एका पत्र्यात सगळं बसवलं. छतावर सामानाची कॅरियरही लावली नाही. गाडी आधीच उंच आणि अरुंद, शेजारून ट्रक गेला तरी हलते. वर आणखी वजन ठेवून तिला डुलवायचं कशाला?

पेटीत काय ठेवायचं हे आधीच ठरलेलं होतं. औषधाच्या दुकानात मिळतो तो झाकणाचा कमोड. श्रोतेहो, हा विषय रेडिओवर बोलायचा की नाही, यावर घरी चर्चा झाली. अम्मीच म्हणाली, "बोल ना रे, उसमें क्या शरम? बुढ्ढे लोगां घर में बैठतीं सो उसीच के वास्ते." अगदी खरं आहे. म्हातारी माणसं प्रवास टाळतात तेव्हा कारण गुडघ्याचं सांगतात, पण खरं भय या गोष्टीचं असतं. कित्येक बायका गाडीत बसायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करतात. पेटीचं झाकण उघडलं, गडद रंगाचे पडदे ओढले की अम्मीची सोय होते. पडदे पत्नीने शिवले. काचांच्या वरच्या रबरात ताणून बसतील अशी दोरी त्यात ओवली. पंधराशे रुपयांच्या या वस्तूने जेवढं काम केलं, तेवढं बाकीच्या कशानेही केलं नाही. चढण्यासाठी घरातलाच एक लाकडी चौरंग घेतला, त्याला सुतळी बांधली. अम्मी आत गेली की चौरंग वर ओढून घ्यायचा. पुढच्या सीटच्या पाठीला कुशनवाल्याने जाड पट्ट्याची एक मूठ शिवून दिली, ती धरून ती वर येते.

विजेच्या बाबतीत मात्र मला भांडावं लागलं. इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी सुचवली. ती पन्नास किलोंच्या वर जाते आणि तिच्यातून चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. झोपायच्या जागेत तो नको. मी बीएला मराठी घेतलं होतं, तरी गुणाकार येतो. पंधरा वॅटचा पंखा आठ तास म्हणजे १२० वॅट-अवर. पाच वॅटचा दिवा चार तास म्हणजे २०. दोन फोन, धरा ३०. एकूण १७०. बाराने भागलं की चौदा अँपिअर-अवर. शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही, म्हणजे तीसची पुरेशी. मी बेचाळीसची घेतली, पूर्ण बंद प्रकारची. गाडीच्या मूळ बॅटरीला हात लावला नाही, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. मधे एक रिले बसवला. इंजिन चालू असेल तेव्हाच दुसरी बॅटरी चार्ज होते, बंद झालं की दोघी वेगळ्या. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. जुन्या गाड्यांना आगी लागतात त्या बहुतेक वायरिंगने, त्यामुळे इथे शंभर रुपये वाचवू नयेत. सौर पाटी घेतली नाही. आम्ही रोज थोडं तरी चालतोच, तेवढ्यात बॅटरी भरते.

लातूरच्या उन्हात ओम्नीचं छत म्हणजे तवाच. आतून दहा मिलिमीटरचा, एका बाजूला चकचकीत पापुद्रा असलेला फोम कापून छताच्या कमानींमध्ये खोचला. गोंदसुद्धा लावला नाही. पुढच्या काचेला तसाच एक तुकडा आतून. याने गाडी थंड होत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. डोक्यावरून येणारी आच कमी होते, एवढंच. खरा उपाय म्हणजे झाड शोधणं. खिडकीला मच्छरदाणीची जाळी लावली आणि पंखा तिच्याकडे तोंड करून ठेवला.

स्वयंपाक गाडीत करायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली, पलंगाच्या पातळीला साचतो आणि बंद गाडीत वास येईपर्यंत उशीर होतो. तीच गोष्ट इंजिन चालू ठेवून झोपण्याची. इंजिन सीटखाली, धुराची नळी जुनी, आणि कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. दर वर्षी कुठे ना कुठे बंद गाडीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. आम्ही एक छोटा स्टोव्ह घेतो, गाडीबाहेर दगडांच्या आडोशाला चहा करतो. जेवण ढाब्यावर, नाहीतर घरून नेलेलं.

डिसेंबर २०२४मध्ये आम्ही निघालो. लातूर, उदगीर, बिदर, गुलबर्गा आणि सोलापूरवरून परत, सगळे मिळून पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर. तरण्या माणसाने दिवसात मारावेत एवढे. आम्ही पाच दिवस घेतले. परराज्यात खासगी गाडी बारा महिन्यांपर्यंत नव्याने नोंद न करता चालते, त्यामुळे नाक्यावर कागद दाखवले आणि निघालो. पोलिसाने आत डोकावून पाहिलं, अम्मीला नमस्कार केला आणि पलंग कितीत पडला ते विचारलं. साडेआठ हजार, मी सांगितलं.

बिदरला मामू दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. जिना इतका उभा की अम्मीने खालूनच हात जोडले. मग मामू खाली आले, पेटीवर बसले आणि गाडीतच तीन तास बैठक झाली. वरून एकामागून एक ताटं येत राहिली.

बिदर सोडायला त्यामुळे चार वाजले. वाटेत अंधार पडला तेव्हा एका पेट्रोल पंपावर परवानगी घेऊन थांबलो. पंपावर पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि टायरची हवा फुकट द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. तेल भरायचं आणि हक्काने विचारायचं. अम्मी आणि पत्नी पलंगावर, मी शेजारच्या ढाब्याच्या बाजेवर. अम्मी रात्री तीनदा उठली. मला एकदाही हाक मारावी लागली नाही.

गुलबर्ग्याला, म्हणजे आता कलबुर्गी म्हणायचं, खालाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाला अम्मीपेक्षा चार वर्षांनी लहान, पण कमरेने अधू. तिच्या मुलांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. मी गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावून पलंग पसरून ठेवला होता. खालाने आत पाहिलं. "इत्ता साफ? अगे, ये तो कमरा है," म्हणाली. दोघी आडव्या झाल्या, डोक्याशी डोकं लावून. ओम्नीची रुंदी चार फूट, म्हणजे दोन सडपातळ म्हाताऱ्यांना पुरते. आम्ही बाहेर फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलो. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग भांडण. उदगीरच्या घरात तुपाचं मडकं कुणी फोडलं आणि मार कुणी खाल्ला, यावरून. सत्तर वर्षांपूर्वीचं मडकं. अस्रची अजान झाली तरी निकाल लागला नव्हता. संध्याकाळी खालाचा मुलगा न्यायला आला तर तिने हात झटकून सांगितलं, "नक्को, अब्बी नक्को."

त्या रात्री तिघी गाडीत झोपल्या. पत्नी पुढच्या सीटवर अवघडून.

आता हैदराबाद राहिलं आहे. खालाही येणार म्हणते, म्हणजे मागच्या बाकावर दोघी आणि पुढे पत्नी. रात्री पत्नीला झोपायला जागा हवी. त्यासाठी पुढच्या सीटची पाठ आडवी पाडून तिच्यावर एक लहान फळी बसते का, ते सुतारमामा पाहत आहेत. पुन्हा अठरा मिलिमीटर म्हणत होते. गाडी सध्या उस्तादांकडे आहे. घाटात डावीकडचा मागचा ब्रेक जरा ओढत होता, तो उघडला आहे. होळीच्या आत निघायचं, नंतर ऊन तापतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)